ज्याच्या हातात वल्हं, त्याची वाट

पालघर जिल्हा म्हटला की लोकांना समुद्र आठवतो. मी बोटीवर काम करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "डहाणूला का सातपाटीला?" दोन्हीकडे नाही. मी जव्हारला असते. आमच्याकडे समुद्र नाही. डोंगर आहेत, आणि गावाच्या कडेला एक धरण आहे. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. रविवारी गाड्या लावायला आधीच जागा उरत नाही.

या धरणावर नौकाविहार चालतो. पायानं मारायच्या पेडल बोटी आहेत, एकट्यादुकट्यानं वल्हवायच्या लांबट, अरुंद कयाक आहेत, आणि इंजिनावर धावणाऱ्या दोन मोटारबोटी आहेत. या सगळ्यांना एकाच पाण्यात, एकमेकांच्या अंगावर न जाऊ देता फिरवायचं आणि परत आणायचं, हे माझं काम. कागदावर मी सुरक्षा पर्यवेक्षक आहे. पर्यटक मला मावशी म्हणतात, गावातले वहिनी म्हणतात, आणि ठेकेदार शेठ माझ्या पाठीमागे जे म्हणायचे ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

माझं माहेर सूर्यमाळ. तिकडे मोखाड्याच्या डोंगरात पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात घोटभर पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी उतरावं लागतं. नोकरीला लागल्यावर माझी मोठी बहीण पहिल्यांदा धक्क्यावर आली. पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतलं आणि म्हणाली, "येवडं पानी! आन् ही लोकां त्यात नुसती फिरत्यात?"

"फिरतात, आणि त्याचे पैसे देतात," मी म्हटलं.

ती पाण्याशी उतरली. मग खाली वाकली, तोंड धुतलं, पुन्हा एकदा धुतलं आणि पदराला हात पुसत म्हणाली, "मंग सांबाळ बाय." तिच्याइतकं सोपं करून माझं काम मला दुसऱ्या कोणी सांगितलेलं नाही.

सूर्यमाळची एक रीत इथे सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आमच्या उतारावरच्या पाऊलवाटा एका माणसापुरत्या असतात. समोरासमोर दोघं आले तर बाजूला कोणी व्हायचं हे कोणी शिकवत नाही, पोटातूनच शिकून येतात पोरं. जिच्या डोक्यावर हंडा, तिची वाट. मोळीवाल्याची वाट. रिकाम्या हाताचा माणूस करवंदीच्या जाळीत सरकतो, मग तो सरपंच असो नाहीतर मास्तर. काटा टोचला तरी कुरकुर करत नाही, कारण उद्या त्याच्याही डोक्यावर भारा असणार असतो.

आता थोडं धंद्याचं. मोटारबोट जोरात पळत असते तेव्हा ती पाण्यावर चढून बसते. तिचं नाक वर उचललेलं असतं, आणि चालवणाऱ्याला नाकासमोरचं, पाण्यालगतचं दिसत नाही. कयाकवाला नेमका तिथेच, पाण्याच्या बरोबरीला बसलेला. शिवाय दुपारनंतर पाणी चमकतं. तिसरी गोष्ट बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. लोकांना वाटतं, बोट जोरात गेली की लाट मोठी आणि हळू झाली की लाट छोटी. पण पळती बोट एकदम हळू केली की ती पाण्यात खाली बसते, आणि तिच्या मागून येत असलेलं पाणी थांबत नाही, ते तिला मागे टाकून पुढे जातं. सगळ्यात वाईट लाट तीच. नाकावर घेतली तर कयाक तरते. बाजूनं लागली तर उलटते.

म्हणून मी सांगायची, हळू व्हायचं ते लांबूनच. वल्हेवाल्याच्या जवळ येऊन ब्रेक मारणं म्हणजे त्याला ढकलणंच आहे.

वल्हेवाले सगळे साधुसंत असतात असं मात्र कोणी समजू नये. कानात गाणी घालून धक्क्याच्या तोंडाशी आडवे पसरलेले कयाकवाले मी पाहिलेत. शिट्टी मारून मारून माझं तोंड दुखायचं आणि हे आपले ढगांकडे बघतायत. एकाला मी वल्ह्यानं खांद्यावर टोचून काठावर आणलं आणि तासभर बसवून ठेवलं. तो म्हणाला, मी पैसे भरलेत. मी म्हटलं, बसायचेही तेवढेच पडतात. एका गृहस्थांनी लाइफ जॅकेट घडी घालून खाली घेतलं होतं, बूड दुखतं म्हणून. मी विचारलं, "काका, पाण्यात पडलात तर काय तरायला हवं, डोकं की बूड?" त्यांची बायको इतकी हसली की पेडल बोट हलायला लागली. काकांनी जॅकेट घातलं.

असली माणसं मला आवडतात. हसून, रागावून ऐकतात तरी. माझं भांडण झालं ते वेगळ्याच कारणानं, आणि ज्या चुकीवरून झालं ती चूक आमच्याच भागातला माणूस करू शकतो.

धरणाच्या आतल्या अंगाला एक पाडा आहे. तिथली बुधीबाय तराफ्यावरून मासे धरते. थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवायचे, वर बांबू बांधायचे, की झाला तराफा. वल्हं म्हणजे एक तासलेली फळी. तिचा नवरा तारपे, म्हणजे आमच्याकडचं फुंकून वाजवायचं वाद्य, करायचा. तारप्याला वाळलेला भोपळा लागतो, आणि वेलावरचा प्रत्येक भोपळा वाजणारा निघत नाही. वाकडा, जाड सालीचा निघाला की तो बाजूला पडायचा. बाजूला पडलेले भोपळे बुधीबाय जाळ्याला बांधायची. बाकीचे लोक प्लॅस्टिकच्या बाटल्या बांधतात. नवरा गेला तरी तिनं वेल लावणं सोडलं नाही.

मासे धरून ती पलीकडच्या काठाला जायची. तिकडच्या पाड्यावर तिची लेक दिलेली आहे. धरण व्हायच्या आधी दोन्ही पाड्यांच्या मधून पाऊलवाट होती, नाचणीच्या शेतांच्या कडेनं जाणारी. ती वाट आता पाण्याखाली आहे. बुधीबाय तिच्या बरोबर वरून जाते. मी एकदा विचारलं होतं, "सरळ का जात नाहीस गं, वाकडी का वळतेस मधे?" तर म्हणाली, "तठं आंबा हाय ना खाली." आंब्याला वळसा घालून जायची सवय. आंबा कधीच कुजून गेला असेल.

आमच्या मोटारबोटीवर देवजी होता. दाभोसाकडचा, वयानं माझ्याच बरोबरीचा. आधी त्याची त्याच रस्त्याला जीप होती. आमच्याकडच्या जीपवाल्याचं काम नुसतं गाडी हाकायचं नसतं. वाटेत दिसेल त्या प्रत्येकाजवळ गाडी हळू करायची, "कठं चाललास? येतोस का?" विचारायचं. जागा नसली तरी विचारायचं. न विचारता धुरळा उडवत गेलेल्या जीपवाल्याची गोष्ट बाजारात त्याच्या आधी पोचते. देवजीनं अर्धं आयुष्य असं काढलेलं. बोट उत्तम चालवायचा. आणि बुधीबाय त्याच्या बायकोची सख्खी मावशी. म्हणजे देवजी तिचा जावई.

वाघबारस होऊन गेली होती, दिवाळीची सुट्टी होती. धरण काठोकाठ. सकाळचीच वेळ, पण धक्क्यावर रांग लागलेली. देवजी एक कुटुंब घेऊन फेरी मारून परत येत होता. पाण्याच्या मधोमध बुधीबाय तराफ्याच्या कडेला ओणवून जाळं ओढत होती. त्यानं तिला पाहिलं. सणाचे दिवस, सासूच्या नात्यातली बाई, आणि आपण तिच्याकडे न बघता पुढे जायचं? त्यानं बोट तिच्याकडे वळवली, अगदी शेजारी नेली, जीप हळू करायची तशी हळू केली आणि हात जोडून म्हणाला, "राम राम, मावशी."

मी धक्क्यावरून ओरडले. वारा उलटा होता. मागून आलेली लाट बोटीच्या पुढे गेली आणि तराफ्याखाली शिरली. बुधीबायचा सगळा भार एका कडेला होता. तराफा तिच्यावर पालथा झाला.

ती पोहणारी बाई आहे. पण तिचा पाय जाळ्यात होता.

देवजीनं तत्काळ इंजिन बंद केलं, हे मी त्याच्या बाजूनं कायम सांगत आले आहे. पाण्यात माणूस असेल तर इंजिन मरायलाच हवं. खालचा पंखा कोणाला ओळखत नाही. पण इंजिन बंद झाल्यावर त्याची बोट नुसती तरंगत राहिली, वाऱ्यानं उलट लांब जायला लागली. बोटीतली पोरं रडत होती, माणसं उभी राहत होती, आणि तो त्यांना खाली बसवत होता. मी माझी बचावबोट ढकलली. ती वल्ह्याची आहे. त्यावरून शेठ नेहमी हसायचे, जुन्या जमान्याची बाई म्हणायचे. मी जीव तोडून वल्हं मारलं, तरी माझ्या आधी पोचली ती नाशिकहून आलेली एक मुलगी, कयाकमधली. तिनं शहाणपणानं कयाकचं नाक बुधीबायच्या हाताशी नेलं आणि धरायला सांगितलं. स्वतः पाण्यात उडी मारली नाही, हात द्यायला वाकली नाही. मी पोचल्यावर जाळं कापलं. कोयता बचावबोटीत कायम असतो.

काठावर बुधीबाय खूप खोकली. नाकातोंडातून पाणी गेलं. मग तिनं डोळे उघडले. देवजी तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडत होता. त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "जावाय, आदी तुजी लाट आली, मंग तुजा राम राम आला."

मी हसले, आणि भीती मला तेव्हा कुठे वाटली. ती भीती मला अजून आठवते. नाशिकच्या त्या मुलीला चहा पाजायचा राहून गेला. गर्दीत ती कुठे गेली कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ आले. ठाण्याकडचे. मराठी-हिंदी मिसळून बोलायचे आणि मला ताई म्हणायचे. त्यांनी निर्णय घेऊनच गाडीतून पाय खाली ठेवला होता.

"ताई, ये तराफे का मामला बंद. उद्या कोणी मेलं तर नाव आपलं जाणार. पाण्यात फक्त आपल्या बोटी. तुम्ही शिट्टी मारून त्या लोकांना आत येऊ द्यायचं नाही. समितीला मी सांगतो."

"तराफा बोटीवर गेला होता का शेठ? बोट तराफ्यावर गेली."

"तेच तर. समोर तराफाच नसेल तर बोट जाणार कशावर?"

असं असेल तर रस्त्यावरची माणसं काढून टाका, एकही अपघात होणार नाही. पण त्यांचं बोलणं हवेतलं नव्हतं. धरणावर देखरेख ठेवायला गावातल्या लोकांची एक समिती होती, तिच्यात शेठचं वजन होतं, आणि पाड्यावरून त्या समितीत कोणी नव्हतं. तराफे बंद म्हणजे बुधीबायची चूल बंद आणि लेकीकडची वाटही बंद. रस्त्यानं जायचं तर सगळ्या धरणाला वळसा, तोही म्हातारीनं पायी. ज्यांची वाट आधी पाण्याखाली घातली, त्यांना आता पाण्यावरूनही हाकलायचं. माझं डोकं तापलं.

मोटारबोटीच्या इंजिनाला एक लाल दोरी असते. तिचं एक टोक इंजिनाच्या खटक्यात अडकवायचं, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. चालवणारा पाण्यात पडला तर दोरी निघते आणि इंजिन आपोआप बंद पडतं. दोरी नसेल तर इंजिन चालूच होत नाही. दोन्ही बोटींच्या दोऱ्या संध्याकाळी माझ्याकडे जमा व्हायच्या. त्या दिवशी मी दोन्ही दोऱ्या गळ्यात घातल्या, मंगळसूत्राच्या शेजारी, आणि धक्क्यावर खुर्ची टाकून बसले.

"तराफ्यांचं काय ते ठरेपर्यंत इंजिन चालणार नाही," मी सांगितलं. "पेडल बोटी आणि कयाक चालू आहेत. तिकीट द्या."

ऐन दिवाळीचा हंगाम. शेठचा चेहरा लाल झाला. आधी समजावलं, मग दम दिला, मग म्हणाले, तुमच्या जागी माणूस ठेवायला मला एक फोन पुरे. मी म्हटलं, करा. घरात दरमहा येणारा पगार माझा एकटीचाच, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. भीती वाटत होती. पण खुर्चीवरून उठले असते तर ती भीती आयुष्यभर तशीच राहिली असती.

मग ते देवजीकडे वळले. दोरी नसली तरी तो खटका सुतळीनं ओढून धरता येतो. जीप चालवलेल्या माणसाला काय येत नाही? गंजक्या तारेवर त्यानं जीप दाभोसाचा घाट चढवलेली मी पाहिलीय.

"देवजी, कर काहीतरी जुगाड."

देवजीनं इंजिनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाला, "मना नाय येत, शेठ."

त्या एका खोट्याबद्दल त्याचे बाकीचे सगळे गुन्हे मी माफ केलेत.

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो कमी बोलणारा माणूस आहे. त्यानं जेवून हात धुतले. मग म्हणाला, "दोऱ्या नीट बांध. हरवशील." एवढंच. त्यावर मी शांत झोपले.

पाडव्यानंतर धरणावरच्याच शेडमध्ये बैठक झाली. अध्यक्ष होते एक निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना सर म्हणायचे. मी बुधीबायला बरोबर घेऊन गेले. शेठनी भाषण केलं. पर्यटन, गावाचं नाव, जिवाची जबाबदारी. त्यात एक गोष्ट खरी होती, बुधीबायच्या अंगात जॅकेट नव्हतं. मी ते तिथेच मान्य केलं. सरांनी तिला सौम्यपणे विचारलं, "आजी, निदान रविवारी आणि सुट्टीला तराफा बंद ठेवाल का?"

"आयतवारी मासं सुट्टी घेत्यात का?" ती म्हणाली.

मग सरांनी देवजीला उभं केलं. तो म्हणाला, "सर, चूक माजी हाय. मी रामराम कराया जवळ गेलो. मावशी लागते ती माजी. सणाचा दिस व्हता."

शेठ मोठ्यानं हसले. "राम राम करायला गेला! सुना आपने? राम राम!"

दुसरं कोणी हसलं नाही. शेठच्या ते उशिरा लक्षात आलं. समितीतला प्रत्येक माणूस जव्हारचा किंवा आजूबाजूच्या गावांतला. त्यांच्यातल्या प्रत्येकानं त्या जागी बोट वळवली असती. न बोलता गेलेला जावई म्हणजे काय, ते त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. सर चष्मा पुसत म्हणाले, "हे आपल्यातलं कोणाच्याही हातून झालं असतं. मग तराफे बंद करून काय होणार? उद्या कयाकमध्ये कोणाचा भाचा बसेल."

मी उठले. मला भाषण येत नाही, पण राग येतो. मी म्हटलं, "सर, सूर्यमाळच्या वाटेवर हंडेवालीला वाट देतात. रिकाम्या हाताचा माणूस सरकतो. पाण्यावर रिकाम्या हाताचा कोण? जो बसल्या जागी बटण दाबतो तो. वल्हं मारणारा आपल्या अंगाच्या जोरावर चाललाय, त्याच्या डोक्यावर भार आहे असं समजा. कयाक असो, पेडल असो, तराफा असो. ज्याच्या हातात वल्हं, त्याची वाट. इंजिनवाल्यानं लांबूनच थांबायचं. आणि राम राम लांबूनच करायचा, हात वर करून. जवळ जाणं हे पाण्यावर वाईट वागणं आहे, हे सगळ्यांना शिकवू. तराफेवाल्यांना जॅकेट द्या, ती घालतील याची जबाबदारी माझी. हे होणार असेल तर या दोऱ्या घ्या. नसेल तर मला काढा, पण दोऱ्या माझ्या गळ्यातून तुम्ही स्वतः काढा."

शेडमध्ये कोणी हात पुढे केला नाही. बाईच्या गळ्याला हात कोण लावणार? खरं सांगायचं तर ते मी आधीच धरून चालले होते.

शेठनी हंगाम बुडण्यापेक्षा हो म्हणणं पत्करलं. इंजिनासाठी खोल पाण्याचा मधला पट्टा ठरला, काठाकाठानं वल्ह्यांचं पाणी. इंजिनानं आपल्या पट्ट्याबाहेर जायचं नाही. वल्हेवाल्याला मात्र कुठूनही ओलांडायची मुभा, आणि तो ओलांडत असताना इंजिन बंद. प्रश्न उरला खुणांचा. पाण्यावर तरंगणारे नारिंगी फुगे मिळतात, ते पुढच्या मंजुरीत बसवू, असं समितीचं म्हणणं. पुढची मंजुरी म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. मी बुधीबायकडे पाहिलं. तिच्या माळ्यावर न वाजणारे भोपळे ढिगानं पडले होते.

आम्ही ते चुन्यानं पांढरे केले, नायलॉनच्या दोरीत ओवले आणि दगड बांधून सोडले. शेठ म्हणाले, "भोपळे? ताई, लोक हसतील."

"हसू द्या. हसायला आधी दिसावे लागतात."

ते अजून आहेत. दरवर्षी थोडे फुटतात, थोडे नवे लागतात. पर्यटक त्यांचे फोटो काढतात आणि मला विचारतात की ही कला कोणती. देवजी आता लांब थांबतो, इंजिन बंद करतो आणि हात वर करतो. बुधीबाय वल्हं उचलून उत्तर देते. पाड्यावरची पोरंही आता जमिनीवर तसाच राम राम करायला लागलीत.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. भोपळ्यांची दोरी पहिल्यांदा पाण्यावर ताणली तेव्हा मी खुशीत होते. बुधीबाय काठावर उकिडवी बसून बघत होती. म्हणाली, "पान्याला कूड घातलास गं पोरी." आधी सगळं पाणी तिचंच होतं. ती कुठेही जाळं टाकायची. आता मधे टाकत नाही, आणि मधे मासे जास्त. मी तिची वाट वाचवली आणि तिचं पाणी वाटून दिलं, दोन्ही खरं आहे. याचं वाईट वाटतं. पण कूड घातला नसता तर सगळंच गेलं असतं, आणि हे मी तिला त्या दिवशीही सांगितलं. ती म्हणाली, "व्हय, ठावं हाय." तिला ठाऊक असल्यानं माझं ओझं कमी झालं नाही.

यंदा ठेका बदलला. नवे शेठ तरुण आहेत, गोड बोलतात, आणि त्यांनी टेम्पोतून पाण्यावरची स्कूटर आणली आहे. एका माणसानं बसायचं आणि गुरगुरत सुटायचं. आल्या आल्या त्यांना भोपळे खटकले. फोटोत बरे दिसतात, पण स्कूटरला वळायला जागा नाही म्हणाले. मी म्हटलं, मग स्कूटर रस्त्यावर चालवा. स्कूटरलाही लाल दोरी असते. स्कूटर टेम्पोतून उतरवली तेव्हाच ती माझ्या गळ्यात आली.

परवा पहिली फेरी होती. शेठ स्वतः जॅकेट घालून, काळा चष्मा लावून स्कूटरवर बसले. पाहुणे मोबाइल धरून काठावर उभे. तेवढ्यात आतल्या बाजूनं बुधीबायचा तराफा निघाला. नारिंगी जॅकेट, त्यावर पदर खोचलेला, टोपलीत लेकीसाठी काहीतरी झाकून घेतलेलं. भोपळ्यांची दोरी ओलांडून ती खोल पाण्यात आली, आणि नेहमीच्या जागी वाकडी वळली.

"मावशी, ही बाई मधेच का आली?" शेठनी विचारलं.

"ती मधे आलेली नाही. ती तिच्या वाटेनं चाललीय. मधे आपण आहोत."

"किती वेळ लागेल तिला?"

"तिला विचारा. पण ओरडू नका. इथे लांबून हात वर करतात."

शेठनी काठावरच्या पाहुण्यांकडे पाहिलं. माझ्या गळ्यातल्या दोरीकडे पाहिलं. पाण्याच्या ऐन मध्यावर बुधीबायनं वल्हं आडवं ठेवलं, कमरेची पिशवी काढली आणि निवांत तंबाखू मळायला घेतली. बऱ्याच वेळानं शेठचा हात वर गेला. अर्धाच गेला, पण गेला.

बुधीबायनं तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले, वल्हं उचलून दाखवलं आणि पुन्हा वल्हवायला लागली. पलीकडच्या काठाला लागून तिनं तराफा वर ओढला. मग मी दोरी गळ्यातून काढली.